होडी आणि फळी



पाण्यावर वस्तू का तरंगते, हा पदार्थविज्ञानातील एक जुना व सोपा पाठ होय. गेली वीस वर्षे मी तो आठवीच्या वर्गास शिकवीत आलो आहे. बादलीभर पाणी, एक लोखंडी खिळा आणि एक पत्र्याची डबी एवढी सामग्री मिळाली, की अर्ध्या तासात हा पाठ पुरा होतो, अशी माझी समजूत होती. परंतु २०२० सालच्या उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याने मला एक प्रश्न केला, आणि तेव्हापासून हा पाठ मला पूर्वीसारखा सोपा वाटेनासा झाला. तो प्रश्न व त्याचे मला उशिरा सुचलेले उत्तर आज तुमच्यापुढे व तुमच्या आईवडिलांपुढे मांडावयाचे आहे.

त्या वर्षीची हकीकत तुमच्यापैकी धाकट्यांना आठवत नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. कोरोना विषाणूच्या रोगास जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी जगद्व्यापी साथ म्हणून घोषित केले. २५ मार्चपासून आपल्या देशभर टाळेबंदी लागू झाली. शाळा तर त्यापूर्वीच बंद झाल्या होत्या. उपनगरी आगगाड्या थांबल्या. अंधेरीच्या स्टेशनाबाहेर जेथे पाऊल ठेवावयास जागा नसे, तेथे कबुतरे निर्धास्तपणे दाणे टिपू लागली. आणि आपल्या उपनगरांच्या पश्चिम कडेला, वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई ह्या गावांच्या किनाऱ्यांवर, होड्या ओळीने दोरांनी बांधलेल्या दिसू लागल्या.

वर्सोव्याच्या कोळीवाड्यातील एक मुलगा त्या वेळी माझ्या वर्गात होता. त्याचे वडील मासेमारीच्या होडीवर तांडेल होते आणि आई अंधेरीच्या बाजारात मासळी विकीत असे. वर्ग फोनवरून चालत, आणि घरात फोन एकच, तोही वडिलांचा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याने मला लिहिले, “सर, समुद्रावर तर माणसेच नसतात. आमच्या होडीपासून दुसरी होडी किती तरी लांब असते. तेथे रोग कोठून येणार? मग बाबांची होडी का बांधून ठेवावयाची?”

मी उत्तर दिले, “सरकारचा हुकूम आहे. तो सर्वांच्या भल्यासाठीच आहे. तू घरी राहा आणि अभ्यास कर.” त्यावर त्याचे एवढेच उत्तर आले, “बरे, सर.” त्यानंतर तो फोनवरील वर्गात दिसेनासा झाला.

माझे उत्तर खोटे नव्हते. पण ते उत्तरही नव्हते. शिक्षकाने प्रश्नाच्या जागी आज्ञा ठेवली, की विद्यार्थी गप्प बसतो आणि शिक्षकास वाटते की त्याचे समाधान झाले. असो. आता आपण तो प्रश्न पाठाच्या रीतीनेच सोडवावयास बसू.

प्रथम होडीकडे पाहा. लोखंडी खिळा पाण्यात बुडतो, आणि हजारो टन लोखंडाचे जहाज तरंगते. ह्याचे कारण असे, की पाण्यात शिरणारी वस्तू आपल्यापुरते पाणी बाजूस सारते, आणि त्या बाजूस सारलेल्या पाण्याच्या वजनाइतक्या जोराने पाणी तिला वर उचलून धरते. खिळा फारच थोडे पाणी सारतो. जहाज आपल्या पोकळ पोटामुळे पुष्कळ सारते. आर्किमिडीजचा हा नियम तुम्हांस ठाऊक आहेच. त्यातील एक गोष्ट मात्र विशेष ध्यानात ठेवा. होडीस तरंगण्यासाठी चालावे लागत नाही. वल्ही आत घेतली, इंजिन बंद केले, नांगर टाकला, तरी ती तरंगतच राहते. तिचा आधार तिच्या पोटातल्या पोकळीत आहे, गतीत नाही.

मनुष्याच्या अंगावर जे तरंगते जाकीट चढवितात, ज्यास सर्वजण लाइफ जॅकेट म्हणतात, तेही ह्याच नियमाने काम करते. मनुष्याचे शरीर पाण्याहून फारसे जड नाही. प्रौढ माणसाचे तोंड पाण्याबाहेर राहावे म्हणून तीन ते साडेपाच किलो वजन उचलून धरील एवढा जादा आधार पुरतो. एवढ्याशा आधाराने केवढा फरक पडतो, हे त्या साथीच्या काळातच आपल्या समुद्रावर दिसून आले. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईच्या पश्चिमेस तेलक्षेत्राजवळ पी-३०५ नावाचा एक राहण्याचा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. खवळलेल्या समुद्रात रात्रभर जाकिटांच्या आधाराने तरंगत राहिलेल्या कित्येकांना नौदलाच्या जहाजांनी उचलून घेतले आणि १८६ जण वाचले. बाकीचे घरी परतले नाहीत. जाकीट बुडू लागल्यावर शोधावयाचे नसते, पाण्यात उतरण्यापूर्वी बांधावयाचे असते, एवढा बोध ह्या प्रसंगातून घ्या. मुखपट्टीचेही तसेच होते.

आता दुसऱ्या वस्तूकडे वळू. गोव्यास किंवा दूरच्या देशांत चालणारा एक जलक्रीडेचा प्रकार तुम्ही चित्रांतून पाहिला असेल. वेगाने धावणाऱ्या मोटारबोटीमागे दोर धरून एक मनुष्य पायांत लांब फळ्या बांधून पाण्यावरून घसरत जातो. त्यास पाण्यावरील स्की म्हणतात. अमेरिकेतील मिनेसोटा प्रांतात पेपिन नावाच्या सरोवरावर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने १९२२ साली ही विद्या प्रथम साधली. पिंपाच्या फळ्या बांधून पाहिल्या, बर्फावरील स्की बांधून पाहिल्या. प्रत्येक वेळी तो बुडाला. शेवटी आठ फूट लांब व नऊ इंच रुंद अशा दोन फळ्या घेऊन त्याने त्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ केली व वर वाकविली. पाय अडकविण्यास चामड्याचे पट्टे ठोकले. त्याचा भाऊ बोट हाकीत असे. तरीही तो बुडतच राहिला. अखेर २ जुलै रोजी अंग मागे टाकून, फळ्यांची टोके पाण्याबाहेर ठेवून, तो उभा राहिला आणि पाण्यावरून चालता झाला.

तो का बुडाला नाही? त्या दोन फळ्या एवढे पाणी बाजूस सारीत नाहीत, की ज्यायोगे मनुष्याचे वजन उचलले जावे. येथे आर्किमिडीजचा नियम पुरा पडत नाही. तिरकी धरलेली फळी जेव्हा वेगाने पुढे ओढली जाते, तेव्हा ती पाण्यास खाली दाबते आणि पाणी तिला उलट वर ढकलते. ताशी तीस-चाळीस किलोमीटर वेग असला, की हा वर ढकलण्याचा जोर मनुष्यास पेलू शकतो. वेग कमी झाला, की जोर कमी होतो. दोर सुटला, की दोनचार क्षणांत मनुष्य गळ्यापर्यंत पाण्यात! म्हणून त्यानेही जाकीट घातलेलेच असते.

तात्पर्य, पाण्यावर राहण्याचे हे दोन मार्ग आहेत. होडी आपल्या पोटातल्या पोकळीवर तरंगते; ती थांबली तरी चालते. फळी केवळ गतीवर तरते. ती थांबली की बुडाली.

फळीवरील मनुष्याविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. दुरून पाहणाऱ्यास तो अगदी एकटा दिसतो. बोटीपासून तो साधारण ७५ फूट मागे असतो, आणि भोवती मोकळे पाणी. परंतु त्याला ओढणारा चालक बोटीत असतो. चालकास पुढे पाहावयाचे असल्यामुळे मागे नजर ठेवणारा दुसरा मनुष्यही बोटीत बसतो. आणि बोटीत तेल भरणारा, ती किनाऱ्यावरून पाण्यात उतरविणारा, पडल्यास सोडविण्यास येणारा, असे कित्येकजण काठावर असतात. एकट्या दिसणाऱ्या माणसाच्या हातातल्या दोराचे दुसरे टोक अनेकांच्या हातांत आहे.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत या. समुद्रावर कोणी नसते, हे त्याचे म्हणणे दिसावयास खरे होते. पण वर्सोव्याची होडी एकटी असते काय? निघण्यापूर्वी तिला बर्फ लागतो, डिझेल लागते, खलाशी लागतात. थोड्याशा जागेत तेच खलाशी एकत्र जेवतात व एकत्र निजतात. होडी परतली, की धक्क्यावर पाट्या उतरविणारे, बोली करणारे, टेम्पोवाले आणि मासळी नेणाऱ्या कोळिणी ह्यांची गर्दी उसळते. बोंबील तर मोठा नाजूक मासा. तो वाट पाहात नाही, म्हणून घाई अधिक आणि दाटीही अधिक. समुद्र मोकळा असतो, पण समुद्रास जाण्याची वाट धक्क्यावरून जाते. होडी बांधून ठेवण्याचे कारण हे होते. हे मी त्यास चार ओळींत सांगू शकलो असतो.

हे कारण काही नवे नाही. होडी आणि साथ ह्यांचा संबंध फार जुना आहे. १३७७ साली आड्रियाटिक समुद्रावरील रागुझा नगराने, ज्यास आज डुब्रॉव्हनिक म्हणतात, साथीच्या प्रदेशांतून येणाऱ्यांस तीस दिवस बाहेर थांबविण्याचा कायदा केला. पुढे व्हेनिस येथे चाळीस दिवसांची चाल पडली, आणि चाळीस ह्या अर्थाच्या इटालियन शब्दापासून ‘क्वारंटाइन’ हा शब्द जगभर गेला. आपल्या मुंबईत १८९६ साली गाठीचा ताप मांडवीच्या गोदीलगतच्या वस्तीत प्रथम ओळखला गेला. तो ओळखणारे डॉक्टर अकासियो गाब्रिएल व्हिएगास हे होते. त्या साथीमुळे १८९७ साली साथरोगांचा जो कायदा झाला, त्याच कायद्याचा आधार १२३ वर्षांनी, २०२० च्या मार्चमध्ये, महाराष्ट्र सरकारने घेतला.

आणि मोकळ्या समुद्रातही रोग कसा पसरतो, ह्याचे उदाहरण त्याच वर्षी जगाने पाहिले. डायमंड प्रिन्सेस नावाचे प्रवासी जहाज ३ फेब्रुवारी २०२० रोजी जपानमधील योकोहामा बंदरात आले. त्यावर ३,७११ माणसे होती. त्यांस जहाजावरच अडकवून ठेवण्यात आले. तरी त्यांपैकी ७१२ जणांस लागण झाली. सभोवार अथांग पाणी होते, पण बंद खोल्या, अरुंद वाटा आणि एकत्र राहणारे नोकर ह्यांमुळे ते जहाज म्हणजे दाट वस्तीची एक चाळच होती. हा रोग मुख्यत्वे श्वासाबरोबर बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांतून पसरतो. उघड्या हवेत ते कण विरून जातात. बंद जागेत साचून राहतात. म्हणून उघडी होडी बंद जहाजाइतकी धोक्याची नव्हे, हेही कबूल केले पाहिजे.

ह्याचा अर्थ माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नात अर्धे सत्य होते. ते अर्धे सत्य सरकारनेही पुढे मान्य केले. केंद्रीय गृहखात्याने १० एप्रिल २०२० रोजी हुकूम काढून समुद्रातील मासेमारी, मासळीची विक्री व वाहतूक ह्यांस टाळेबंदीतून सूट दिली. मात्र अंतर राखणे व स्वच्छता पाळणे ह्यांची अट घातली. गमतीची गोष्ट अशी, की त्याच सुमारास अमेरिकेतील मिशिगन प्रांतात हाच वाद निराळ्या रूपाने चालला होता. तेथील गव्हर्नरने ९ एप्रिल रोजी मोटारबोटी चालविण्यास मनाई केली. वल्ह्यांच्या नावांस मात्र मोकळीक ठेवली. सरोवरावर मी एकटाच असताना माझ्या बोटीने कोणाचे काय बिघडते, असे तेथील बोटवाले विचारू लागले. २४ एप्रिल रोजी ती मनाई उठली. वर्सोव्याच्या मुलाचा प्रश्न आणि मिशिगनच्या बोटवाल्यांचा प्रश्न एकच होता. दोघांत फरक एवढाच, की तेथील पुष्कळांची करमणूक थांबली होती आणि येथील घराची चूल.

ह्या ठिकाणी आपला पाठ पुरा होतो, म्हणजे खऱ्या अर्थाने सुरू होतो.

टाळेबंदीचा हुकूम सर्वांस सारखाच होता. “जेथे आहात तेथे थांबा,” एवढेच तो सांगत होता. मी थांबलो. माझा पगार महिन्याच्या महिन्यास येत होता, डब्यांत तांदूळ होते, बँकेत थोडी शिल्लक होती. मी होडी होतो. नांगर टाकला, तरी तरंगत राहिलो. पण ज्याचे आजचे जेवण आजच्या फेरीवर अवलंबून आहे, असे घर फळीवर उभे असते. त्यास “थांब” म्हणणे म्हणजे “बूड” म्हणण्यासारखे आहे. होडी थांबली, की तांडेलाचे उत्पन्न थांबते. कोळिणीची पाटी रिकामी राहते. जाळ्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज मात्र थांबत नाही. सूट मिळाल्यावरही बर्फ मिळेना, गिऱ्हाईक येईना, कित्येक खलाशी आपापल्या गावी गेलेले. मग ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि होड्या पुन्हा ओढून सुरक्षित जागी लावाव्या लागल्या. हुकूम एकच, पण तो होडीवर पडला तेव्हा होडी नुसती हेलकावली, आणि फळीवर पडला तेव्हा माणूस पाण्यात गेला.

मग काय, हुकूम चुकीचा होता? मी असे म्हणत नाही. रोग भयंकर होता, आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या घरांतून त्याने माणसे नेली. थांबणे जरूर होते. परंतु जो दुसऱ्यास थांबावयास सांगतो, त्याने आधी पाहिले पाहिजे, की समोरचा होडीत आहे की फळीवर आहे. फळीवर असेल, तर थांबण्यापूर्वी त्याच्या अंगावर जाकीट चढविले पाहिजे. ते जाकीट म्हणजे शिधा असेल, कर्जाची मुदतवाढ असेल, फोनचे पैसे भरून मुलाचा वर्ग चालू ठेवणे असेल. तीन ते साडेपाच किलोंचा आधार! तेवढ्याने तोंड पाण्याबाहेर राहते.

कोळी बांधवांस थांबणे कळत नाही असे कोणी समजू नये. थांबण्याची विद्या त्यांस आपल्याहून अधिक अवगत आहे. पावसाळ्यात समुद्र उधाणतो आणि माशांची वीणही होते, म्हणून नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात न घालण्याचा रिवाज त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. सरकारी बंदीही पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. २०२० साली टाळेबंदीत दिवस बुडाले, म्हणून केंद्र सरकारने आपल्या अखत्यारीतील खोल समुद्रासाठी ती १५ जूनपासून, म्हणजे ४७ दिवसांची केली. पावसाळ्याचे बंधन आणि टाळेबंदीचे बंधन ह्यांत भेद कोणता? पावसाळ्याचे बंधन केव्हा येणार हे कोळ्यास आधी ठाऊक असते. तो त्यापूर्वी मासळी सुकवितो, पैसा बाजूस ठेवतो, बंदीच्या दिवसांत जाळी विणतो व होडी दुरुस्त करतो. शिवाय ते का आहे, हेही तो जाणतो. कारण ठाऊक असलेले बंधन रिवाज होते. कारण न कळलेले बंधन शिक्षा वाटते. मी माझ्या विद्यार्थ्यास हुकूम सांगितला, कारण सांगितले नाही. ती चूक माझी होती.

जून महिन्यात मी त्याच्या वडिलांच्या फोनवर बोललो आणि वर सांगितलेली हकीकत, धक्क्याची, बर्फाची व गर्दीची, त्यास समजावून दिली. शेवटी म्हणालो, “बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. मी उत्तर नीट दिले नाही.” तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “सर, हे मला बाबांनी आधीच सांगितले. धक्क्यावर किती गर्दी असते ते त्यांना माहीत आहे. तुम्हांला माहीत आहे का, एवढेच मला पाहावयाचे होते.”

त्याचे वर्गात न येण्याचे कारण मी विचारले. फोनचे पैसे भरले नव्हते. ते काम मोठे नव्हते. शिक्षकांच्या खोलीतील आम्ही चौघांनी मिळून अशा अकरा मुलांचे फोन वर्षअखेरपर्यंत चालू ठेवले. हे मी बढाईने लिहीत नाही, कारण एप्रिलमध्ये विचारले असते, तर दोन महिने वाचले असते.

३ ऑगस्ट २०२० रोजी नारळी पौर्णिमा होती. त्या दिवशी मिरवणूक नव्हती, बँड नव्हता. घराघरांतून थोडी माणसे येऊन नारळ अर्पण करून गेली. नंतर एके दिवशी पहाटे माझ्या फोनवर एवढाच निरोप आला, “होडी गेली, सर.”

मुलांनो, हा प्रयोग घरी अवश्य करा. परात पाण्याने भरा. एक रिकामी डबी पाण्यावर ठेवा व तिच्यात दोनचार नाणी घाला; ती थांबल्या जागी तरंगेल. मग पत्र्याचा एक सपाट तुकडा घ्या, त्याचे पुढचे टोक किंचित वर वाकवा, दोरा बांधा आणि पाण्याच्या पृष्ठावरून झरझर ओढा. ओढीत आहात तोपर्यंत तो वर राहील. हात थांबला, की तळाशी जाईल. पत्रा कापताना वडील माणसास जवळ बसवा. आणि पालकहो, मुले हा प्रयोग करीत असता त्यांस एकच प्रश्न विचारा: आपल्या गल्लीत, आपल्या वर्गात, आपल्या घरी कामास येणाऱ्यांत, डबी कोण आणि पत्रा कोण? उत्तर त्यांस शोधू द्या. पुढे केव्हातरी त्यांपैकी कोणी अधिकारी होईल, कोणी कारखानदार, कोणी शिक्षक. आणि केव्हातरी त्यास लोकांना “थांबा” असे सांगण्याची पाळी येईल. त्या वेळी ही परात त्यास आठवली, तर आमच्या पाठाचे सार्थक झाले असे मी समजेन.